चार पायलनचं नॅट

वायुसेनेत मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची कामं करणारा होतो. निवृत्तीनंतर हिंगणा रोडला पत्राकामाचं छोटं वर्कशॉप टाकलं. उन्हाळ्यात कूलरच्या बॉड्या, एरवी जे येईल ते. नागपुरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय असल्यामुळे माझ्यासारखे रिटायर्ड इथे पैशाला पासरी, पण अंगणात उभं असलेलं विमान दुरुस्त करायला सहसा कोणी तयार होत नाही. म्हणून एका शाळेचं काम माझ्याकडे आलं. वायुसेना दिनाच्या, म्हणजे ८ ऑक्टोबरच्या आत विमान रंगवायचं आणि पाटीही नवी करायची.

लोकांना वाटतं, असं विमान उन्हानं खराब होतं. नागपूरचं ऊन वाईट हे खरंच, पण विमान मरतं ते आत साचलेल्या पाण्यानं. खालची निचऱ्याची भोकं कोणीतरी पुट्टीनं बुजवतो, मग पावसाळाभर पोटात डबकं. अ‍ॅल्युमिनियमला पोलादी बोल्ट लावले की तिथून पांढरी भुकटी सुटते, वर हवा घेणाऱ्या तोंडात कबुतरांचे संसार. याआधी कोणीतरी यावर घराच्या खिडक्यांना मारतात तो ऑइल पेंट थेट मारला होता. धातूला रंग धरून ठेवणारा वॉश प्रायमर नाही, काही नाही. कांद्याच्या सालीसारखा सुटत होता. असं काम करणाऱ्याला मी तरी पेंटर म्हणणार नाही.

पाटीवर लिहिलं होतं: ‘१९७१च्या युद्धात बोयरा इथे शत्रूची सेबर विमानं पाडणारं हेच ते नॅट’. नॅट म्हणजे आपल्या वायुसेनेचं छोटं लढाऊ जेट, सेबर पाकिस्तानचं.

परांचीवर चढून पंखाखाली पाहिलं आणि हात थांबला. पंखांखाली चार पायलन, म्हणजे टाक्या किंवा शस्त्रं टांगायचे आधार. नॅटला दोन असायचे, इंधनाच्या जादा टाक्यांसाठी. चार म्हणजे अजित, नॅटचीच पुढची सुधारलेली आवृत्ती. मग पंखावरचा रंग पाणीपेपरनं घासला, तर रिव्हेटच्या रांगांवर सीलंट. अजितच्या पंखातच इंधन भरलेलं असायचं, त्यामुळे पायलन शस्त्रांसाठी मोकळे राहायचे. ऐंशीच्या दशकात या पंखांच्या गळत्या शोधण्यात माझी बोटं झिजली आहेत, त्यामुळे मला कोणी शिकवू नये.

आता अजितचा पहिला नमुना उडाला १९७५ मध्ये. बोयराची चकमक २२ नोव्हेंबर १९७१ची. दमदमहून २२ स्क्वाड्रनची चार नॅट उडाली होती. मॅसी, गणपती, लाझारस या वैमानिकांनी मिळून तीन सेबर पाडल्याची नोंद झाली. त्यातलं एक खरं तर जखमी होऊन परत गेलं. पाडलेल्यांतला एक वैमानिक, परवेझ मेहदी कुरेशी, आपल्या हाती लागला आणि पुढे पाकिस्तानच्या हवाईदलाचा प्रमुख झाला.

सेक्रेटरी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “काकाजी, पोरं चौथी-पाचवीतली. त्यांना काय फरक पडते? नॅट काय न अजित काय, सारखंच दिसते न.”

सारखं दिसतं हे मान्य. एवढंसं विमान, लांबी नऊ मीटरच्या आसपास. जमिनीवर उभं असताना पंखावर हात टेकायला शिडी लागत नाही. पेटर नावाच्या इंग्रज डिझायनरला वाढत्या वजनाची आणि किमतीची विमानं पटत नव्हती, म्हणून त्यानं हे काढलं. वेगळा एअरब्रेक ठेवलाच नाही, चाकांची दारं थोडी उघडून तेच काम करून घेतलं. ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा हवेच्या तोंडांच्या कडेत बसवल्या. कागदावर हे सगळं फार हुशारीचं. ज्याला त्या सापटीत हात घालून हायड्रॉलिकची नळी बदलायची असते, त्याला विचारा. ब्रिटननं लढाऊ विमान म्हणून ते घेतलंच नाही, दोन सीटांचं ट्रेनर घेतलं. लढले आपले लोक, आणि १९६५ मध्ये तोफा अडकत असतानाही लढले.

पोरांना फरक पडत नाही म्हणतात, पण कोणतं विमान कुठे गेलं यालाच तर अर्थ आहे. निर्मलजीत सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरहून उडाले आणि एकटे सहा सेबरांना भिडले. वायुसेनेचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. ते नॅट तिथेच कोसळलं. ३ सप्टेंबर १९६५ला एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरला उतरलं आणि पाकिस्तानच्या हाती लागलं. ते आज कराचीच्या संग्रहालयात आहे. लढाईतल्या ज्या नॅटचा पत्ता असा छातीठोक सांगता येतो, ते समोरच्याकडे! आपल्याकडची बहुतेक थकली, मोडीत गेली किंवा चौकात चढली. चौकात चढताना सोबत कागद कोणी पाठवत नाही.

तर पाटी बदला असं मी लेखी द्यायच्या तयारीत होतो. तेवढ्यात मदतीला आणलेला पोरगा ओरडला, “काकाजी, हे पाहा न, इथं रंगच संपून नाही राहिला.”

पंखावर शाळेच्या रंगाखाली हिरव्या-तपकिरी छलावरणाचा एक थर होता, मग थेट प्रायमर. धडावर मात्र त्या थराखाली आणखी एक जुना थर, छटाही वेगळी. म्हणजे धड पंखांपेक्षा जुनं? काही जुनी नॅट एचएएलनं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं, बदलून अजित केली होती, हे आम्हा ट्रेडवाल्यांना ठाऊक आहे. हे त्यातलंच असेल, तर १९७१ला हेच धड कुठल्यातरी धावपट्टीवर उभं असणार. पण पंख मोडला म्हणून दुसऱ्याचा बसवला असंही घडतं. एखाद्या डेपोत एकच भाग पुन्हा रंगवला असंही घडतं. डेटा प्लेटच्या जागी स्क्रूची चार रिकामी भोकं. पितळ समजून कोणी काढली असेल तर भंगारात तिचे दहा रुपयेही आले नसतील.

मी मजकूर सुचवला: ‘अजित लढाऊ विमान. कदाचित आधीचं नॅट.’

सर म्हणाले, “कदाचित? पाटीवर कदाचित कोण लिहिते, काकाजी?”

मुद्दा त्यांचाही बरोबर होता, ही पंचाईत. शेवटी माझ्या पत्र्याच्या पाटीवर फक्त ‘अजित’ लिहिलं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तिच्यासमोर बोयराचा भलामोठा फ्लेक्स बांधला गेला, सेबर जळतानाच्या चित्रासह. ते चित्र तर तिसऱ्याच कुठल्यातरी विमानाचं होतं. पाहुण्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले. माझे पैसे वेळेवर मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही.

चाकांच्या खोबणीत आतल्या फ्रेमवर सुट्या भागांचे शिक्के मारलेले असतात. तिथला रंग घाईत खरवडायचा राहिला. दिवाळीच्या सुट्टीत चौकीदार आत सोडतो म्हणाला आहे. परांची आणि पाणीपेपर मीच नेईन, सरांकडे त्याचं बिल लावणार नाही.