बाळंतिणीचा डबा

बाळंतपणाला आई येणार होती. तिचा व्हिसा वेळेत झाला नाही आणि श्टुटगार्टमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मी, नवरा आणि चार दिवसांची लेक एवढेच राहिलो. तरी मला धीर होता. जवळपास चार मराठी घरं आहेत, दर वर्षी गणपतीची आरती एकत्र होते. कोणी ना कोणी डबा घेऊन येईलच, असं मी धरूनच चालले होते.

सहा दिवस कोणी आलं नाही. अभिनंदनाचे मेसेज मात्र ढीगभर.

येत होती ती हेबामे, म्हणजे इथली सुईण. पहिले १० दिवस ती रोज घरी येऊ शकते, पुढे १२ आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे, आणि खर्च आरोग्य विमा उचलतो. (दिवस गेल्याचं कळताच शोधायला लागा, मला कितीतरी फोनांनंतर मिळाली.) बूट दाराशी काढायची, हात धुऊन एकमेकांवर चोळून गरम करायची, मगच लेकीला हात लावायची. कापडाच्या झोळीत घालून तिला काट्याच्या हुकाला अडकवायची, अगदी आपल्या अंगणवाडीत करतात तसं. मग माझे टाके बघायची, पोटावर बोटं ठेवून गर्भाशय कितपत खाली गेलंय ते चाचपायची. मला रडू आलं तर गप्प बसून राहायची, उठायची घाई करायची नाही. तिनेच सांगितलं, इथे म्हणतात, पहिला आठवडा बिछान्यात, दुसरा बिछान्यावर, तिसरा बिछान्याच्या आसपास. मला आपला सव्वा महिना आठवला.

सातव्या दिवशी तिने विचारलं, "जेवणाचं कोण बघतंय?"

"मैत्रिणी येतील."

"त्यांना सांगितलंत?"

बाळंतिणीने जेवण मागायचं? सांगलीला ताईच्या वेळी शेजारच्या काकूंना कोणी निरोप धाडला होता? त्या रोज सकाळी मऊ भात आणि वर तूप घेऊन मागच्या दाराने आत यायच्या. हे सगळं मी जर्मनमध्ये कसंबसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वार सांगा, पदार्थ सांगा. लोकांना तेवढंच हवं असतं."

दोन दिवस मी फुगून बसले. मग ग्रुपवर लिहिलं, "मंगळवारी कोणी वरण-भात देऊ शकेल का?" दहा मिनिटांत तीन फोन. एक मैत्रीण तर रडवेली झाली. म्हणाली, "अगं, माझ्या वेळी लोक न सांगता यायचे, मला झोप मिळेना. तुला तसं होऊ नये म्हणून थांबले." मंगळवारी वरण-भात आला, लिंबाच्या लोणच्याची फोडही होती. मी तो उभ्यानेच खाल्ला.

माझी अपेक्षा चुकीची होती असं मला आजही वाटत नाही. तिकडे लोक बाळंतिणीला नको नको ते सल्ले देतात, तिची झोप मोडतात, हे मान्य. पण तिच्या ताटात काय आहे याची काळजी चार घरांना असते, आणि ती मागावी लागत नाही. मागून मिळालेल्या डब्याने पोट भरलं. त्या सहा दिवसांचं मात्र अजून मनातून जात नाही. मैत्रिणीवर राग नाही. तिनेही माझा विचार करूनच पाऊल मागे घेतलं होतं. आम्ही दोघी एकमेकींच्या फोनची वाट बघत बसलो, एवढंच झालं.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत एक मराठी मुलगी बाळंत झाली. मी अळिवाची खीर केली, बरणी फडक्यात गुंडाळून तिच्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवली आणि जिना उतरून मेसेज केला, "खीर बाहेर आहे. दार उघडायची घाई नाही, झोप झाली की घे. गुरुवारी मुगाची खिचडी आणते, नको असेल तर सांग."

तिचं उत्तर आलं, "ताई, थोडं लोणचंही आणाल?"