किल्ली परत आली

शनिवार, रात्री उशिरा

आज समोरच्या शेजारणीनं माझ्या घराची किल्ली परत केली. दोन वर्षं तिच्या जुडग्यात होती. कडीतून निघता निघेना, तेव्हा मीच हातात घेऊन सोडवली. दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. तिच्या नवऱ्याचं कंत्राट संपलं आहे. सोमवारी पहाटे त्यांचं विमान. दिवसभर खोकी बांधली, चिकटपट्टीनं बोटं अजून चिकचिकत आहेत.

घराची दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची, हा किती मोठा प्रश्न असू शकतो ते मला परदेशात येईपर्यंत माहीत नव्हतं.

इथे येऊन सात महिने झाले होते तेव्हा एक छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. भूल देणार होते, म्हणून रुग्णालयाची अट होती की घरी न्यायला कुणीतरी मोठं माणूस यायला हवं आणि त्यानं रात्रभर सोबत राहायला हवं. अर्जावर त्या माणसाचं नाव, फोन नंबर आणि नातं लिहायचं होतं. मी पेन धरून कितीतरी वेळ बसले. जिला मध्यरात्री उठवून रडावं अशा मैत्रिणी मला होत्या, पण सगळ्या विमानाच्या अंतरावर. तासाभरात पोचेल असं एकही नाव सुचेना. शेवटी समोरचं दार वाजवलं. तोवर आमची ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरती. तिनं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, फक्त विचारलं, किती वाजता? नात्याच्या रकान्यात मी ‘शेजारीण’ लिहिलं.

त्या रात्री ती माझ्या खोलीत खुर्चीत बसून होती. दर दोन तासांनी मला उठवून माझं नाव विचारायची. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. भुलीनंतर विचारायचं असतं अशी तिची समजूत. नावाचा उच्चार तिला तेव्हाही नीट जमत नव्हता, आजही जमत नाही. त्या चुकीच्या उच्चारात मला जेवढं निर्धास्त वाटलं, तेवढं त्या सात महिन्यांत कधीच वाटलं नव्हतं.

नंतर एक अभ्यास वाचनात आला. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. नुकतंच राहतं ठिकाण बदललेल्या ३५५ जणांना त्यांनी नव्या ओळखींबद्दल विचारलं होतं. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९० आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० हून जास्त. कामाच्या निमित्तानं एकत्र काढलेल्या तासांचा फारसा उपयोग होत नाही. गप्पा, थट्टा, नुसतं बसणं, हे तास खरे. वाचल्यावर कळलं की ऑफिसात रोज आठ तास माणसांत असूनही मी एवढी एकटी का होते.

मग मी गणित मांडून पाहिलं. इथे भेट म्हणजे आधी ठरवून, दोघींची डायरी बघून, तीन आठवड्यांनी एकदा, दोन तास. या हिशेबानं २०० तास भरायला पावणेसहा वर्षं लागतात. आणि कंत्राटं असतात दोन-तीन वर्षांची! शाळेत हे तास कुणी मोजले नव्हते. एकाच बाकावर बसून, एकाच वाटेनं घरी येत ते आपसूक भरले. इथे ते भरले समोरासमोरच्या दारांमुळे. ती कात्री मागायला यायची आणि तास बसायची. १९५० मध्ये मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसलं होतं. लगतच्या दारात ४१ टक्के जणांची जवळीक, मजल्याच्या दोन टोकांना जेमतेम १० टक्के. आमच्या दोन दारांत पाच पावलं होती.

तिच्या भाषेत मी आजही अडखळते. विनोद मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मराठीत मी बडबडी आहे हे तिला कधी कळणारच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जिला ते ठाऊक आहे ती माझी बालमैत्रीण. आमचा फोन आधी रोज व्हायचा, मग रविवारी, आणि रविवारच्या फोनवर हळूहळू ठळक बातम्याच उरल्या. नोकरी ठीक, तब्येत ठीक. गेल्या वर्षी तिचे वडील आठ दिवस अतिदक्षता विभागात होते. मला कळलं महिन्यानं. “अगं, तू एवढ्या लांब, तुला उगाच कशाला घोर लावायचा?” मला फार लागलं. फोन ठेवल्यावर आठवलं की माझी शस्त्रक्रियाही मी तिच्यापासून लपवली होती, नेमक्या याच शब्दांत स्वतःची समजूत घालून. दोघी एकमेकींना जपत होतो आणि जपता जपता परक्या होत चाललो होतो. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली, मनापासून रागावली, आणि मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून आम्ही एकमेकींना आवाजी निरोप पाठवतो. दोन-तीन मिनिटांचे, अगदी बिनकामाचे. बस चुकली. चष्मा सापडत नाही. आज तिनं नुसता पावसाचा आवाज पाठवला होता. खोकी बांधताना मी तो दोनदा ऐकला.

इथे बरीच वर्षं काढलेले लोक नवा माणूस भेटला की आधी विचारतात, किती वर्षांसाठी आलात? उत्तर दोन आलं की त्यांचा आवाज थोडा थंड होतो. पूर्वी मला ते दुष्टपणाचं वाटायचं. आज शेजारणीच्या रिकाम्या दिवाणखान्यात उभी असताना समजलं की तो प्रश्न कुठून येतो. तरी मला तो विचारायचा नाही. ती दोनच वर्षं असणार हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं, तरी मी तेच दार वाजवलं असतं.

चौथ्या मजल्यावर दोन महिन्यांपूर्वी एक मुलगी राहायला आली आहे, एकटीच. परवा कपडे धुवायचं यंत्र कसं लावायचं ते विचारत होती. दाखवलं आणि घाईनं वर आले. थांबायला हवं होतं.

किल्ली टेबलावर आहे. सोमवारचा गजर साडेतीनचा लावला. ती म्हणाली, खाली येऊ नकोस, झोप मोडेल. मी जाणार आहे.