आमच्याकडचा दर्या

मे सरत आला की आमच्या कूलरला पांढरी दाढी येते. होळीनंतर माळ्यावरून उतरवतो तेव्हा तो चांगला तरणाबांड असतो. नव्या गवताच्या ताट्या, घासलेली टाकी, तेलपाणी केलेली मोटर. मग दोन-अडीच महिने विहिरीचं पाणी त्या गवतातून झिरपत राहतं, वाऱ्याबरोबर उडून जातं आणि जाताना आपलं मीठ मागे ठेवून जातं. आधी जाळीच्या कडेला पिठूळ रेघ दिसते, मग गवताच्या टोकांना खडे धरतात, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, लागेपर्यंत अख्ख्या ताटीवर पापुद्रे चढतात. नखाने उचकला तर पापुद्रा कुरडईच्या तुकड्यासारखा कट्कन मोडतो. माझ्या धाकट्याने एकदा तो चाटून पाहिला आणि धावत जाऊन आईला सांगितलं, "आजी, कूलर खारट झाला!"

आईला त्यात नवल वाटलं नाही. मुंगवड्या घालता घालताच म्हणाली, "मंग? इहीर खारी त कूलर का गोड राहीन?"

आमचा तालुका दर्यापूर. हे नाव ऐकलं की पुण्या-मुंबईचा माणूस हमखास विचारतो, समुद्र आहे का तिकडे? समुद्र नाही. चंद्रभागा नदी आहे, आणि मे महिन्यात तीही नावापुरतीच. वऱ्हाडच्या इमादशाहीतल्या दर्या इमादशहावरून गावाला हे नाव पडलं असं सांगतात. समुद्र म्हणाल तर साडेचारशे किलोमीटरच्या आत कुठल्याच बाजूला नाही, आणि आम्ही त्याच्यापेक्षा अडीचशे-तीनशे मीटर उंचावर बसलेलो. तरी जमिनीत बादली सोडली की वर येतं ते खारं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या काठाने हा खारपाणपट्टा पसरलेला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो फूट गाळ साचलाय. त्या चिकण गाळात अडकलेलं मीठ ना वाहून जातं ना मुरून जातं. पूर्वी या भागात विहिरींच्या पाण्यातून मीठ काढायचे, इंग्रजांच्या काळात ते बंद पडलं. मीठ काढणारे गेले, मीठ राहिलं.

त्यामुळे आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं असतं. एक प्यायचं, एक वापरायचं. प्यायचं म्हणजे धरणाच्या योजनेचं, नळाला येणारं. कधी दोन दिवसांनी येतं, कधी पाच दिवसांनी. नाहीच आलं तर वीस लिटरचा कॅन. वापरायचं म्हणजे विहिरीचं. दोघांची भांडी वेगळी, जागा वेगळ्या, आणि त्यांचं सोवळं इतकं कडक की वापराच्या बादलीतला मग्गा चुकून माठात गेला तर घरातलं लहान पोरसुद्धा ओरडतं. विहिरीच्या पाण्यात साबण फेसाळत नाही, नुसता चिकटतो. चहात टाकलं तर दूध फाटतं. तुरीच्या डाळीला चार शिट्ट्या दिल्या तरी दाणा डोळे वटारून बघत राहतो. शेताला दिलं तर काळी जमीन अशी आवळते की पुढच्या साली कुदळसुद्धा टणकन उडते. म्हणून विहीर असूनही शेती पावसावरच. उन्हाळ्यात तिला काम दोनच, म्हशीला धुणं आणि कूलर पाजणं.

हे सगळं आता लिहितोय, पण जन्मापासून पाहत आल्यामुळे त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. वाटलं ते गुहागरला गेल्यावर.

भाऊजी बँकेत आहेत. त्यांची बदली गुहागरला झाली आणि ताईचा फोन आला की आईला घेऊन या, पोरांनाही समुद्र दिसेल. बाबांनी यायला साफ नकार दिला. म्हशीला पाणी कोण पाजणार? (म्हैस हे बाबांचं आयुष्यभराचं कारण आहे. माझ्या साखरपुड्यालाही ते तिच्यामुळेच उशिरा पोहोचले होते.) मग आई, मी, बायको, दोन पोरं, ज्वारीच्या पिठाचा डबा, ठेचा आणि नुकत्याच वाळलेल्या मुंगवड्या असे आम्ही मूर्तिजापूरहून विदर्भ एक्स्प्रेसने निघालो. पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही. चिपळूणहून एसटी गुहागरच्या वाटेला लागली तेव्हा सगळ्यांच्या अंगाला इस्त्री केलेले कपडे भिजून चिकटले होते.

ताईचं भाड्याचं घर खालचा पाट नावाच्या आळीत. समोर रस्ता, मागे नारळी-पोफळीची लांबट वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे एकदम समुद्र. मध्ये ना भिंत ना कुंपण. आपल्याकडे गोठ्यामागे उकिरडा असावा तसा यांच्या घरामागे समुद्र. आणि वाडीच्या मधोमध विहीर. विहिरीपासून लाटांचा आवाज इतका स्पष्ट येत होता की मला वाटलं, ही बुजवून का टाकत नाहीत? हिच्यात काय उरलं असणार?

आईला तहान लागली होती. ताई आतून पाणी आणेपर्यंत घरमालकीण काकूंनी विहिरीवर कळशी भरली आणि तशीच पुढे केली. आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग पाहुण्याच्या घरी नाही म्हणू नये म्हणून ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि थांबली. पुन्हा एक घोट. मग पदराने तोंड पुसून मला म्हणाली, "अव माय! हे त गोड हाय!"

"अहो, खारं कशाला असेल?" काकू हसल्या. "वाळूतलं पाणी आहे ते."

आईला हे उत्तर पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. रात्री भाऊजींनी पेल्यात बोट बुडवून समजावलं. गोडं पाणी हलकं, समुद्राचं जड. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी त्या जड पाण्यावर सायीसारखं तरंगून राहतं. विहीर उथळ ठेवली आणि हावरटासारखा उपसा केला नाही तर साय टिकते, फार उपसलं तर खालचं खारं वर चढतं. शिवाय इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, साय दर वर्षी नवी. आमच्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे समिंदराच्या उशाशी झोपून यायची इहीर गोड, अन् आपन एवढे दूर, त आपली खारी? हा कोनता न्याय हाय?"

भाऊजींकडे याचं उत्तर नव्हतं.

पुढचे आठ दिवस आईने समुद्राकडे फारसं लक्ष दिलं नाही, तिचं लक्ष विहिरीवर होतं. इथे लोक गोड्या पाण्याने पाय धुतात, अंगणात सडा घालतात, पोफळीच्या आळ्यात पंप लावून सोडून देतात, हे तिला पाहवेना. ताईच्या न्हाणीघरात तिने दुसऱ्याच दिवशी दोन बादल्या वेगळ्या केल्या, एक प्यायची, एक वापरायची. दोन्हींत एकाच विहिरीचं पाणी. ताई म्हणाली, "आई, इथं गरज नाही त्याची." आई म्हणाली, "तुले नसन. मले हाय." ताईने मग वाद घातला नाही. मला मात्र कोपऱ्यात नेऊन सांगितलं की इथे आल्यावर पहिले सहा महिने तीही असंच करत होती.

पण इथल्या उन्हाला काही अर्थ नाही, यावर आई ठाम होती. पारा तेहतीस-चौतीसच्या वर जात नव्हता. आमच्याकडे त्याच वेळी पंचेचाळीसच्या पुढे. "घाम येते अन् तसाच बसून राह्यते. वायतच नाई." आमच्याकडे दुपारी दोरीवर धोतर टाकलं तर चहा होईपर्यंत कडक. इथे टॉवेल दोन दिवस ओला. मुंगवड्यांचा डबा तिसऱ्या दिवशी उघडला तर सगळ्या सादळलेल्या, दाताखाली रबरासारख्या. आईने त्या परत उन्हात घातल्या, तर संध्याकाळी आणखी मऊ.

शेजारीच काकूंची आमसुलं वाळत होती. रातांब्याच्या साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. एकीकडे तांबडी सालं, एकीकडे पिवळ्या मुंगवड्या, आणि मध्ये दोन बायका आभाळाकडे बघत बसलेल्या. पाऊस तोंडावर आला होता. फणसाच्या पोळ्या अजून ओल्या होत्या. असगोलीकडे होड्या वर ओढून झाकायच्या चालल्या होत्या, १ जूनपासून मासेमारी बंद. सगळीकडे एकच घाई, वाळव आणि झाक. आईला काकूंची दया आली. "आमच्याकडे पाठवा," ती म्हणाली. "एका दुपारात वाळवून देतो. ऊन काई आमी मोजत नाई." काकू गंमत समजून हसल्या. आई गंमत करत नव्हती. येताना तिच्या पिशवीत खरंच दोन किलो ओली आमसुलं होती, वाळवून कुरिअरने परत पाठवायच्या बोलीवर.

समुद्रावर आई एकदाच आली, शेवटच्या संध्याकाळी. पोरं पाण्यात, बायको फोटो काढण्यात. आई वाळूत पाय पसरून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता ही पांडुरंगाचं नाव वगैरे घेणार. ती म्हणाली, "एवढं पानी, अन् कामाचं नाई." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आपल्यासारखंच."

मी तिला सांगितलं की आपली पूर्णा पुढे तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ याच समुद्राला. नागपूर-चंद्रपूरकडचं पाणी उलट तिकडे बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे अख्ख्या विदर्भात आपणच या समुद्राचे नातेवाईक. आई म्हणाली, "म्हून खार जास्त."

निघताना तिने दोन बाटल्या भरल्या. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, एका मापाच्या. एकीत काकूंच्या विहिरीचं, बाबांना चाखवायला. दुसरीत समुद्राचं, बाबांना दाखवायला. समुद्राच्या बाटलीच्या गळ्याला तिने लाल दोरा बांधला. तो दोरा कल्याणपर्यंत शाबूत होता. पुढे माझ्या धाकट्याने सोडून त्याचा पतंगाचा मांजा केला, आणि मूर्तिजापूरला उतरलो तेव्हा आमच्याकडे दोन अगदी सारख्या बाटल्या होत्या.

घरी आलो तर बाबा ओसरीत. म्हैस बरी होती. नवतप्याचा दुसरा दिवस, वाऱ्याला भट्टीची धग. आईने दोन्ही बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि परिस्थिती सांगितली. बाबांनी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या, हलवून पाहिल्या. एक उघडून वास घेतला. मग, जन्म खाऱ्या पाण्यात गेलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने, तीच तोंडाला लावली आणि मोठा घोट घेतला.

अंगणात तुळशीपर्यंत चूळ उडाली. बाबांचे डोळे लाल. "हे त," ते खोकत म्हणाले, "आपल्या इहिरीचा बाप हाय!"

मग ते उठले, विहिरीवर गेले, बादली काढली आणि आम्ही नको नको म्हणत असताना तिच्यातलं एक ओंजळभर पाणी प्यायले. ओठ चाटले. "पाह्य," ते आईला म्हणाले, "किती गोड लागून राह्यलं."

गोड्या बाटलीतल्या पाण्यात आईने त्याच रात्री डाळ शिजवली. दोन शिट्ट्यांत विरघळली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. आमसुलं दुसऱ्या दिवशी गच्चीवर घातली ती दुपारी तीनला खडखडीत. आईने लगेच फोन करून काकूंना सांगितलं, आणि त्या आवाजात असा काही तोरा होता की जणू सूर्य आमच्या बाबांच्या नावावर आहे.

समुद्राची बाटली मात्र तशीच पडून होती. अडगळ नको म्हणून आईने ती कूलरच्या टाकीत ओतून दिली. वाया कायले घालाचं?

त्या दुपारी आम्ही सगळे नेहमीप्रमाणे कूलरपुढे सतरंजीवर आडवे झालो. मोटर घुरघुरत होती, दाढीतून थेंब ठिबकत होते. धाकटा डोळे मिटून, नाक वर करून पडला होता.

"आजी, समुद्राचा वास येतोय?"

"येऊन राह्यला," आई कूस वळवत म्हणाली. "झोप आता."