तुम्ही विचारलंत म्हणून: काही न मागता गुरुचरित्राचा सप्ताह कसा करायचा?

दत्तजयंती जवळ आली की दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात, बहुतेकदा एका दमात. गुरुचरित्राचा सप्ताह, म्हणजे सात दिवसांत अख्ख्या पोथीचं पारायण, करायचाय पण दत्तमहाराजांकडे काही मागायचं नाही, तर संकल्पात म्हणायचं काय? आणि मुंबईत नोकरी सांभाळून हे जमतं का?

आधी संकल्प. पहिल्या दिवशी आचमन करून उजव्या हातात अक्षता, फूल आणि पळीभर पाणी घ्यायचं. तिथी, वार, ठिकाण, आपलं नाव आणि गोत्र उच्चारायचं आणि ‘श्रीदत्तात्रेयप्रीत्यर्थं गुरुचरित्रसप्ताहपारायणं करिष्ये’ म्हणून पाणी ताम्हनात सोडायचं. एरवी मध्ये ‘अमुक कार्यसिद्ध्यर्थं’ येतं, ते वगळायचं. संस्कृत जिभेवर बसत नसेल तर ‘महाराज, तुमच्यासाठी वाचतो आहे’ एवढं मराठीत म्हटलं तरी चालतं.

मागून केलेलं पारायण कमी प्रतीचं, असं मी कधीच म्हणणार नाही. पोथीत पानोपानी आजारी, दरिद्री, निपुत्रिक माणसं श्रीगुरूंच्या, म्हणजे दत्तावतार श्रीनृसिंहसरस्वतींच्या, पायाशी येतात आणि महाराज त्यांना जवळ करतात. पण ज्याला निष्काम सेवा करायची आहे त्याची खरी परीक्षा सातव्या दिवशी असते. आरती झाली, नमस्काराला वाकलं, की मन हळूच म्हणतं, ‘एवढं केलंय, तर मुलाच्या नोकरीचं तेवढं बघा.’ म्हणून पहिल्या दिवशीचेच संकल्पाचे शब्द समाप्तीला पुन्हा म्हणावेत आणि ‘आपणांस अर्पण’ म्हणून पाणी सोडून उठावं. बोलायला शब्द ठरलेले असले की मन इकडेतिकडे जात नाही.

याचा नमुना पोथीच्या दुसऱ्याच अध्यायात आहे. वेदधर्म ऋषी आपल्या पापाचे भोग काशीत २१ वर्षं भोगायचं ठरवतात. शिष्य दीपक म्हणतो, तो भोग मला द्या. गुरू नकार देतात, फक्त सेवा करायला सांगतात. पुढे गुरूंचं अंग कुष्ठानं सडतं, दृष्टी जाते, स्वभाव कमालीचा चिडका होतो. दीपक भिक्षा मागून आणतो, तर कमी आणली म्हणून बोलणी बसतात. विश्वेश्वर प्रसन्न होऊन वर देऊ करतात, तेव्हा दीपक गुरूंना विचारायला जातो, तुमचा रोग बरा व्हावा असं मागू का? गुरू रागावतात: भोग भोगूनच संपवायचा आहे. दीपक परत येऊन देवाला नको म्हणतो. मग विष्णू येतात, त्यांच्याकडे तो मागतो ती दृढ गुरुभक्ती. हा अध्याय पहिल्याच दिवशी येतो. तो भराभर उरकू नका. उरलेले सहा दिवस कोणत्या मनानं बसायचं ते इथे कळतं.

आता वेळेचं. सप्ताह शनिवारी सुरू करून शुक्रवारी संपवायची जुनी रीत आहे, कारण श्रीनृसिंहसरस्वतींचं निजानंदगमन, म्हणजे अवतारसमाप्ती, शुक्रवारची मानतात. मुंबईच्या नोकरदाराला ही रीत फार सोयीची. वाटणी अशी: शनिवारी १ ते ९, रविवारी १० ते २१, सोमवारी २२ ते २९, मंगळवारी ३० ते ३५, बुधवारी ३६ ते ३८, गुरुवारी ३९ ते ४३ आणि शुक्रवारी ४४ ते शेवटपर्यंत. बारा अध्यायांचा लांब दिवस सुटीत जातो. फसगत होते ती बुधवारी. तीनच अध्याय आहेत म्हणून लोक उशिरा उठतात आणि ३६वा अध्याय, आचारधर्माचा, संपता संपत नाही. नऊच्या आत फोर्टात पोचणारा माणूस मग गाडीच्या धास्तीनं ओव्या गिळतो. बुधवारीही पहाटे चारलाच उठा. शुक्रवारी सुटी टाकता आली तर उत्तम.

रोज अडीच-तीन तास धरा, पहिल्यांदा वाचणाऱ्यानं थोडे जास्तच. वाचन मोठ्यानं पण मध्यम आवाजात. पहिल्या दिवशी उत्साहात वरच्या पट्टीत वाचणाऱ्यांचा आवाज रविवारी दुपारपर्यंत बसतो. मधे उठायचं नाही, म्हणून इमारतीत पाणी यायची वेळ आधी बघून घ्या. नाहीतर बरोबर दहाव्या अध्यायाला नळ सुरू होतो. पोथी मोठ्या टायपातली छापील घ्या. फोनवर वाचायला बसलात की मेसेज येणारच.

एका खोलीच्या घरातही पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून बसायला एक आसन आणि समोर चौरंग एवढी जागा निघते. शेजारी महाराजांसाठी एक रिकामं आसन मांडायचं. सातही दिवस जागा आणि वेळ बदलायची नाही. अखंड दिव्याचा हट्ट मात्र घर बंद करून कामावर जाणाऱ्यानं धरू नये. लाकडी जिन्यांच्या जुन्या चाळीत तर मुळीच नाही. वाचन चालू असेपर्यंत समई तेवली, पुरे.

खाण्यात काटेकोर नियम हविष्यान्नाचा: दूधभात, गव्हाची पोळी, तूप, साखर. मीठ, तिखट, आंबट, दही, ताक आणि गूळ वर्ज्य. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यानं डॉक्टरांचं ऐकावं आणि परान्न टाळणं, जमिनीवर चटईवर झोपणं, ब्रह्मचर्य हे नियम पाळावेत. परान्न टाळायचं तर कँटीन बंद, डबा घरचा. मधेच सुतक आलं तर उरलेले अध्याय दुसऱ्याकडून वाचून घेतात. पारायण अर्धं सोडत नाहीत.

स्त्रियांनी मूळ पोथी वाचावी का, यावर परंपरांमध्ये मतभेद आहे. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींच्या परंपरेत ती वाचू नये, ऐकावी असं सांगतात; अनेक सेवाकेंद्रांत वाचणाऱ्या बहुसंख्य बायकाच असतात. आपल्या गुरुस्थानी जे सांगितलं असेल ते करावं. पैसे घेऊन ‘तुमच्या नावानं सप्ताह करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. सेवेसाठी स्वतः बसायचं असतं.

समाप्तीच्या महानैवेद्यात घेवड्याची भाजी हवीच. अठराव्या अध्यायात श्रीगुरू दरिद्री ब्राह्मणाच्या दारचा घेवड्याचा वेल उपटतात आणि त्याच्या मुळाशी त्याला धनाचा कुंभ सापडतो, त्याची ती आठवण. एखादं जोडपं जेवायला बोलवावं. जागेअभावी ते जमत नसेल तर तांदूळ, डाळ, कणीक, तूप, गूळ आणि दक्षिणा असा शिधा जवळच्या मठात द्यावा. देणगीदारांच्या फळ्यावर नाव लिहू का असं विचारलं तर नको सांगावं, आणि दत्तजयंतीच्या गर्दीत तासभर चपला सांभाळायला किंवा प्रसादाची भांडी घासायला माणूस हवाय का, ते विचारून यावं.