किनवटचा साग, चकती ‘क’: हरवलेलं वलय सापडलं

मंडळी, सापडलं! नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या तीन सागांच्या ‘अ’, ‘ब’, ‘क’ या चकत्यांवर आपण दर वर्षाचं एकेक वलय मोजून ते पावसाशी ताडून बघतोय. त्यातली ‘क’ बाकीच्या दोघींपेक्षा एक वर्ष सरकत होती, तो घोळ सुटला. आणि ज्या जागी सुटला ती जागा बघून पुढचा बेतही बदलावा लागतोय.

‘अ’ आणि ‘ब’ एकमेकींशी जुळल्याचं मागे लिहिलंच होतं. तिन्ही झाडं 2019च्या उन्हाळ्यात, पावसाच्या आधी तोडलेली, म्हणून सालीलगतचं वलय 2018चं. तिथून आत मोजत गेलं की अ-ब मध्ये 2002, 1987, 1972 या दुष्काळी वर्षांची बारीक वलयं आपापल्या जागी येतात. ‘क’मध्ये 2002 बरोबर, 1987ही बरोबर वाटलं, पण सगळ्यात बारीक वलय 1972ऐवजी 1973वर.

आता इथे दोन शक्यता. साग मागच्या हंगामाची झळ पुढच्या वर्षीही सोसतो. साठा संपलेला असला की पाऊस चांगला होऊनही वाढ खुंटते. म्हणजे 1973चं वलय खरोखरच बारीक असू शकतं. दुसरी शक्यता, मध्ये कुठेतरी एक वलय गायब. निकाल लावला तो आतल्या खुणांनी. झळीचा परिणाम असता तर 1973च्या आत सगळं पुन्हा अ-बशी जुळलं असतं. पण तिथून गाभ्यापर्यंत प्रत्येक ठळक खूण एक घर पुढे. म्हणजे वलयच कमी, आणि तेही 2002 ते 1972च्या दरम्यान.

कोफेचानेही (वलयांच्या रुंदीच्या मालिका तुकड्या-तुकड्याने एकमेकींशी ताडून बघणारा संगणकावरचा प्रोग्रॅम) तेच सांगितलं, फक्त तुकड्यांची लांबी कमी करावी लागली. त्याचे 50 वर्षांचे मूळ तुकडे आपल्या एवढ्याशा मालिकेत सगळं एकत्र कालवून टाकतात. 30वर आणल्यावर घसरण नेमकी कुठे सुरू होते ते दिसायला लागलं: ऐंशीच्या दशकात.

आणि तिथे पाहायला गेले तर काहीच दिसेना. 1200 डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल साधारण 0.02 मिमीचा, तेवढ्यात बारीक वलय दिसायलाच हवं. मग लक्षात आलं की अडचण स्कॅनरची नाहीच, पृष्ठभागाची आहे. नाक्यावर मिळणाऱ्या सुट्या पॉलिश पेपरचा दाणा झडतो आणि सागाच्या छिद्रांत भुशासकट जाऊन बसतो. छिद्रंच बुजली तर वलयाची सुरुवात कशी ओळखणार? सागात तीच तर खूण: हंगामाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग आणि तिला लागून फिकट पेशींची पट्टी. माझं मत आता पक्कं झालंय, 220 नंबरपर्यंत कुठलाही पेपर चालेल, पण 400 नंबरपासून पुढे (म्हणजे बारीक दाण्याला) चांगला वॉटर पेपरच घ्या, तोही कोरडा वापरा. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने भुसा उडवा आणि शेवटी पांढरा खडू घासून वरचा थर हलक्या हाताने पुसा. छिद्रं पांढरी, लाकूड तपकिरी. इतकं स्वच्छ चित्र मला आजवर मिळालं नव्हतं.

तरीही मोजणीच्या त्रिज्येवर, म्हणजे गाभ्यापासून सालीपर्यंतच्या ज्या रेषेवर वलयं मोजतो तिच्यावर, ते वलय नव्हतंच! म्हणून 1988चं रुंद वलय धरलं (त्या वर्षी पाऊस भरघोस होता, त्यामुळे ते चुकणं शक्य नाही) आणि भिंग घेऊन त्याच्या आतल्या कडेने चकतीभर फिरत गेले. साधारण पाव फेरी झाली आणि त्या कडेला लागून एक नखाएवढी फिकट रेघ फुटली. पुढे ती रुंदावत गेली, तिच्यात छिद्रांची स्वतंत्र रांग आली, आणि पलीकडच्या बाजूला चक्क अर्ध्या मिलिमीटरचं पूर्ण वलय! हे खरं 1987. मी ज्याला 1987 समजत होते ते 1986 होतं. 1985, 86, 87 अशी तीन वर्षं देशात पाऊस सरासरीखाली, त्यामुळे तिन्ही वलयं बारीक, आणि त्यातलं एक गेलं तरी वरवर सगळं ठीक दिसतं.

एक वर्ष घालून पुन्हा चालवलं. न जुळणाऱ्या तुकड्यांवर कोफेचाने लावलेले सगळे झेंडे गेले, 1972 जागेवर आलं. एका वर्षासाठी एवढा आटापिटा का, असं नव्यांना वाटेल. पण पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या मंडळींनी केरळच्या सागाची 1481 ते 2003 अशी मालिका बांधली, ती कमी पावसाच्या आणि एल निनोच्या वर्षांशी जुळते ती प्रत्येक वलयाचं वर्ष नेमकं असल्यामुळेच. आपल्याकडे 1972चा दुष्काळ 1973च्या चांगल्या पावसाच्या वर्षावर पडला असता तर पावसाशी तुलनाच निरर्थक झाली असती.

आता ती जागा. वलय दबलं होतं ते नेमकं बुंध्याच्या खोबणीत. सागाचा बुंधा खाली पन्हळ्यांसारखा असतो हे सगळ्यांना माहीत आहे. खोबणीत वाढ कमी, म्हणून टंचाईच्या वर्षी तिथे वलय धरतच नाही. ‘क’ ही अगदी जमिनीलगतची चकती. अ-ब वरच्या आहेत.

खरं तर पुढच्या महिन्यात आणखी बुंध्याच्या चकत्या आणायच्या होत्या, कारण वखारीत त्याच सहज मिळतात. ते रद्द. यापुढे छातीच्या उंचीवरचीच चकती, आणि दोनऐवजी चार त्रिज्या.

हे लिहिता लिहिताच सुचलं: आधीच्या बुंध्याच्या चकत्या टाकून कशाला द्यायच्या? त्यांच्यावर कोणत्या वर्षी वलय किती अंशात तुटलंय तेच मोजता येईल. ज्या वर्षी जास्त चकत्यांमध्ये तुटलेलं, ते वर्ष जास्त कठीण. रुंदीच्या आकड्याला ही वेगळी साक्ष मिळेल. आधी ‘क’वरच 1972 आणि 2002 फिरून बघते.

पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांमधून 1899च्या छप्पन्नाच्या दुष्काळापर्यंत मागे जायचा विचार मात्र सध्या बाजूला. ते लाकूड डांगचं, मलबारचं की ब्रह्मदेशाचं, हे कळल्याशिवाय मराठवाड्याच्या पावसाशी जोडायचं कसं? कुणाकडे किनवट-माहूर भागातल्या घराची, तिथल्याच जंगलातून आणल्याची नोंद असलेली तुळई असेल तर कळवा. झाडाची साल किंवा निदान सालीखालचं फिकट लाकूड शिल्लक असेल तर फारच उत्तम, नाहीतर शेवटचं वर्ष कोणतं हे जुळवणीवरूनच काढावं लागेल.