पश्चिमेच्या खिडकीपुढची स्क्रीन

मी घरून मराठी मुद्रितशोधन करते. गेल्या दिवाळीआधी एका अंकाची प्रुफं वाचताना एकाच कथेतले पाच अनुस्वार माझ्या नजरेतून सुटले. ‘त्यानी’, ‘सगळ्याना’ असे शब्द तसेच पुढे गेले. संपादकांचा फोन आला तेव्हा मनाला फार लागलं. रात्री फाइल पुन्हा उघडली, तर पाचही चुका ओळींच्या उजव्या टोकाला होत्या. दुपारी नेमक्या त्याच जागी लॅपटॉपच्या चकचकीत पडद्यावर मागच्या खिडकीची जाळी दिसत होती.

आमच्या डोंबिवलीच्या घराची खिडकी पश्चिमेला आहे. ऑक्टोबरात चारनंतर हॉलमध्ये ऊन थेट आत येतं आणि माझं टेबल खिडकीकडे पाठ करून ठेवलेलं. स्क्रीन खिडकीशी काटकोनात ठेवावी, म्हणजे खिडकी ना समोर ना मागे, हे मला माहीत होतं. पण त्या भिंतीला देव्हारा आणि आईचा पलंग आहे. पंच्याहत्तरीच्या आईला पलंग हलवायला सांगणं मला जमलं नसतं. पडदा ओढला की वारा बंद, घरात अंधार, मग ट्यूबलाइट लावायची आणि तिची पांढरी पट्टी पुन्हा स्क्रीनवर. ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहिला. संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले, खिडकी तिथेच.

ब्राइटनेस वाढवून काम का भागत नाही, ते नंतर हिशेब केल्यावर उमगलं. साध्या काचेचा गुळगुळीत पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के परत फेकतो. निट्स हे चमक मोजायचं माप. दुपारच्या आकाशाची चमक ५,००० निट्स धरली, तर स्क्रीनमधल्या खिडकीची चमक २०० निट्स होते. घरगुती स्क्रीनचा पांढरा रंगच मुळात २५० ते ३५० निट्सचा असतो. म्हणजे काळ्या अक्षरावर जवळजवळ पांढऱ्या पानाइतकाच उजेड येऊन पडतो. अशात अनुस्वाराचा ठिपका कसा टिकणार?

मग लॅपटॉपला लावायची मॅट फिल्म आणली. ती नीट चिकटवायला अर्धी दुपार गेली, तरी एका कोपऱ्यात बुडबुडे राहिले. खिडकी गेली हे खरं, पण पांढऱ्या पानावर बारीक रवा सांडल्यासारखं दिसायला लागलं. मान जरा हलवली की ते कण हिरवे-गुलाबी चमकत. मॅट पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत केलेला असतो. बाहेरचा उजेड त्यावर विखुरतो, त्यामुळे खिडकीची आकृती फुटते. पण स्क्रीनमधून येणारा उजेडही त्याच खडबडीत थरातून बाहेर पडतो, आणि पिक्सेल जितके बारीक तितका हा रवा जास्त जाणवतो. ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’ यांतला फरक बघायला मला पानावर वाकावं लागायला लागलं. चार दिवसांत फिल्म काढून टाकली.

शेवटी वेगळा मॉनिटर घ्यायचा ठरवून लॅमिंग्टन रोडला गेले. पेन ड्राइव्हवर माझं स्वतःचं एक प्रूफ नेलं होतं, ११ पॉइंटचं, अनुस्वार आणि जोडाक्षरांनी भरलेलं. दुकानात सगळ्या स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवरची रंगीत फुलं आणि मासे चालू होते. त्यावर चकचकीत स्क्रीन देखणीच दिसते, काळा रंग अगदी काजळासारखा. मी दुकानदारांना म्हटलं, “दादा, आधी या बंद करून दाखवा.” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण केल्या बंद. मग मोबाइलचा टॉर्च प्रत्येकीवर धरला. चकचकीत स्क्रीनमध्ये टॉर्चचा लखलखीत ठिपका आणि मागे माझा चेहरा. जाड मॅटवर नुसता मोठा धुरकट गोळा. तिसरी हलकी मॅट, तिच्यावर ठिपका मऊ झालेला, पण आटोपशीर. मग तिन्हींवर माझं पान उघडलं. जाड मॅटवर तोच रवा, तिसरीवर तो शोधावा लागत होता.

एक गोष्ट दुकानदारांनीच समजावली. खोक्यावर ‘अँटी-ग्लेअर, ३एच’ असतं, त्यातलं ३एच म्हणजे पृष्ठभागाचा कठीणपणा, पेन्सिलीच्या शिशाच्या मापात. मॅटपणा किती ते ‘हेझ’च्या टक्क्यांत कळतं. ते खोक्यावर सहसा नसतं, माहितीपत्रकात मिळालं तर मिळतं. २५ टक्के हे नेहमीचं माप. “ताई, आकड्यांपेक्षा तुमचा टॉर्च बरा,” ते म्हणाले, आणि मला ते पटलं.

तिसरीच घेतली, २७ इंची. घरी आणून पहिल्या दिवशी मुद्दाम साडेचारला बसले. खिडकी पूर्ण गेलेली नाही. तिच्या जागी एक फिकट पांढुरका पट्टा येतो आणि तिथली अक्षरं काळ्याऐवजी करडी दिसतात. मॅटमुळे उजेड नाहीसा होत नाही, पसरतो. उन्हाची तिरीप थेट पडली तर अर्धा पडदा ओढावाच लागतो. पण जाळीच्या चौकटी अक्षरांवर उभ्या राहत नाहीत, आणि नजरेला दर ओळीला खिडकी की मजकूर हे निवडावं लागत नाही. माझं डोकं दुखायचं ते यानेच, असं आता वाटतं.

पुसायच्या बाबतीत जपावं लागतं. मॅट पृष्ठभागावर बोटांचे ठसे कमी दिसतात, पण तेल लागलं तर त्या खडबडीत थरात मुरतं आणि दाबून घासलं तर कायमचा चकचकीत डाग पडतो. काच पुसायचा अमोनियाचा स्प्रे मी जवळपासही येऊ देत नाही. मायक्रोफायबरचं फडकं, थोडं पाणी, स्क्रीन बंद.

लॅपटॉप आता आतल्या खोलीत असतो. रात्री दिवे मालवून त्यावर जुने मराठी चित्रपट लावले की कृष्णधवल पडद्यावरचा काळोख खरा काळोख वाटतो. मॉनिटरवर तेच दृश्य जरा फिकं दिसतं. आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे, कुठलाही झगमगाट तिला टोचतो. नातवाचा व्हिडिओ कॉल ती दिवसा मॉनिटरवर घेते, पलंगावरूनच. परवा कॉल संपल्यावर म्हणाली, “आज त्याला दाढी आलेली दिसली गं.” दाढी ठेवून त्याला सहा महिने झालेत.