बाळाशी बोबडं बोलावं का?

"आमच्याकडे आजी बाळाशी सारखं बोबडं बोलतात. त्यानं बाळ बोबडंच राहील का? मोठ्यांशी बोलतो तसं सरळ बोलू का?" बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आजींचा सूर मुळीच बदलू नका. "क्काऽय झालं आमच्या सोन्याला?" म्हणताना आवाज चढतो, वेग कमी होतो, 'का' लांबतो. चार महिन्यांची बाळं साध्या बोलण्यापेक्षा या सुराकडे जास्त वळतात, हे मानसशास्त्रज्ञ ॲन फर्नाल्ड यांनी १९८५ साली दाखवलं. १९९७ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन, रशियन आणि स्वीडिश आयांचं बोलणं मोजलं. तिन्हीकडे बाळाशी बोलताना आ, ई, ऊ हे स्वर ताणले जात होते आणि एकमेकांपासून जास्त वेगळे निघत होते. म्हणजे लाडाच्या सुरात उच्चार उलट स्वच्छ होतात.

माऊ, भूभू, हम्मा, मंमं, गाईगाई, भुर्र, बाऊ हे शब्दही खुशाल वापरा. ते बिघडलेलं मराठी नव्हे, मराठीच आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९६४ साली मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली, तिच्यातही मराठी होती. म, भ ओठांवरचे. तेच अक्षर दोनदा आलं की बाळाला पकडायला सोपं. वर्षाच्या आसपास मात्र दोन्ही शब्द जोडून द्यायला लागा: "भूभू आला. कुत्रा आला."

सोडायचं ते एकच: "काय करतोस रे?"चं मुद्दाम "ताय कलतोश ले?" करणं. बाळाचं तोंड मागे असतं, पण कान फार पुढे असतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात तो फरक कोणी करतच नव्हतं. मराठी बाळाला त-ट, ल-ळ, न-ण ऐकू यायला हवेत ते याच महिन्यांत. घरातलं एक माणूस बोबडं बोललं म्हणून मूल बोबडं राहत नाही, पण तेवढी वाक्यं वाया जातात. मूल पुढे 'र'ला 'ल' म्हणेल, ळ तर बराच उशिरा येईल. तेव्हा "असं नाही, नीट म्हण" म्हणू नका. "गाली आली" म्हणालं, तर "हो, गाडी आली!" एवढंच म्हणा.

बोलायचं काय, हा खरा प्रश्न. अंघोळीचंच घ्या. मराठीत शब्द प्रत्ययानं बदलतो: पाणी, पाण्यात, पाण्यानं. बाळाला यातून 'पाणी' वेगळं काढायचं असतं. म्हणून मूळ शब्द वाक्याच्या शेवटी ठेवा: "हे बघ पाणी. कोमट पाणी. घालू पाणी?" तीन-चार शब्दांचं वाक्य, आणि 'घालू' म्हणताच तांब्या थांबवा. मनात पाचपर्यंत मोजा. बाळ पाय झाडेल, भुवया उचलेल, "अंगूऽ" करेल. ते त्याचं उत्तर. मग "हो? घालू? घातलं!" आणि पाणी सोडा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. दोन सेकंदांत आपणच पुढचं बोलतो आणि बाळाची पाळी येतच नाही.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमचा चेहरा वीतभर अंतरावर, २० ते ३० सेंटीमीटरवर असू द्या. उजेड तुमच्या तोंडावर पडावा. खिडकीकडे पाठ केली तर बाळाला नुसती काळी आकृती दिसते. बाळानं मान फिरवली, जांभई दिली, की पुरे. तोंडापुढे खुळखुळा नाचवून त्याला परत ओढू नका.

टीव्ही नुसता चालू असला तरी घरातलं बोलणं कमी होतं, म्हणून अंघोळ-जेवणाच्या वेळी तो बंद ठेवा. मोबाइलवरची बडबडगीतं तुमची जागा घेत नाहीत. २००३ मध्ये कूल यांच्याच प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवलं होतं. समोर माणूस होतं त्यांना त्या भाषेतले ध्वनी ओळखू आले, पडद्यावर पाहणाऱ्यांना नाही. "हे काय? ते काय?" अशी परीक्षाही नको, ज्याकडे बाळ बघतंय त्याचं नाव तुम्हीच सांगा. आणि इंग्रजी यावं म्हणून "वॉटर पी, डॉगी बघ" असे सुटे शब्द पेरण्यापेक्षा, ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात तीच पूर्ण बोला.

इतकं बोलूनही प्रतिसाद नसेल, तर सुराचा नाही, कानाचा विचार करा. तीन महिन्यांत मोठ्या आवाजाला दचकत नाही, सहा महिन्यांत आवाजाकडे वळत नाही, दहा महिन्यांत बा-बा, दा-दा नाही, तर ऐकण्याची तपासणी लगेच करून घ्या. "अंगू" म्हणतं म्हणजे ऐकू येतं असं धरू नका. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला हुंकार देतात. पहिली चाचणी, ओएई (कानात हलका आवाज सोडून कान प्रतिसाद देतो का ते बघणारी), बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते आणि दुखत नाही. जन्मानंतर महिन्याभरात ती होऊन जावी, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित व्हावा आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू व्हावेत.